घर बाहेरून धुताना: प्रेशर कुठे, किती आणि कुठे अजिबात नाही

परतीचा पाऊस ओसरला की पुण्यातल्या बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या भिंती कशा झाल्यात ते नीट दिसायला लागतं. पश्चिमेच्या भिंतीने पावसाचा मारा खाल्लेला असतो. उत्तरेच्या भिंतीला सप्टेंबरनंतर ऊनच मिळत नाही, त्यामुळे ती वाळतच नाही. छज्ज्याच्या टोकांपासून खाली काळे ओघळ, कंपाउंडच्या माथ्यावर हिरवट काळा थर, पार्किंगमध्ये पाय सटकेल असं बुळबुळीत शेवाळ. मग दिवाळीच्या तोंडावर कुठूनतरी प्रेशर वॉशर आणला जातो, सगळ्यात बारीक धार लावली जाते आणि दोन तासांत भिंत चकाचक होते. जिथे जिथे धार जवळ गेली तिथला रंगही निघालेला असतो, आणि पुढच्या जुलैत तेच ओघळ त्याच जागी परत हजर होतात.

असं होतं, कारण ते काळं म्हणजे धूळ नव्हे. ते शेवाळ, बुरशी आणि सायनोबॅक्टेरिया यांचं मिश्रण असतं. उन्हाळ्यात ते वाळून काळ्या खपलीसारखं दिसतं आणि पहिल्या दोन-तीन चांगल्या सरींनंतर पुन्हा जीव धरतं. प्लास्टर सच्छिद्र असतं, त्यामुळे धारेने वरचा थर उडाला तरी छिद्रांत शिरलेलं तसंच राहतं. म्हणून आधी मारायचं आणि मग धुवायचं. भिंतीच्या बाबतीत ऐंशी टक्के काम औषध आणि वेळ करतात. मशीन फक्त मेलेलं वाहून नेतं, आणि त्यासाठी फार जोर लागत नाही. हे पटलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

औषध

दोन गोष्टी सहज मिळतात. एक म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, दुकानात ज्याला नुसतं 'हायपो' म्हणतात. केमिकलच्या दुकानातला ताजा हायपो साधारण १० टक्क्यांच्या आसपास असतो. एक लिटर हायपो आणि चार लिटर पाणी असं मिश्रण केलं की ते २ टक्क्यांचं होतं. जुनाट काळ्या थराला ते पुरतं. नुसती हिरवी झाक असेल तर एकास नऊ पुरे. हायपो उन्हात आणि नुसता ठेवूनही मरतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा उरलेला कॅन वापरून 'काही फरकच पडत नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरी म्हणजे ब्लिचिंग पावडर. चांगल्या, कोरड्या पावडरीत ३० टक्क्यांच्या वर क्लोरीन असतो. एक किलो पावडर २० लिटर पाण्यात कालवली की दीड टक्क्याच्या जवळपास द्रावण मिळतं. ते तासभर निवळू द्यायचं आणि वरची निवळीच घ्यायची. खाली बसलेला चुना फवारणी पंपात गेला की नोझल बंद पडतो, आणि भिंतीवर गेला तर पांढरे डाग उरतात.

फवारायला शेतकरी वापरतात तो पाठीवरचा १६ लिटरचा पंप सगळ्यात सोयीचा. प्रेशर वॉशरच्या आतून हायपो किंवा अ‍ॅसिड कधीच सोडू नये. मशीनसोबत येणारी साबणाची बाटली साबणासाठीच असते. हायपोने पंपातली सील आणि धातूचे भाग खराब होतात, आणि तो बिघाड त्या दिवशी नाही, दोन महिन्यांनी कळतो. पाठीवरचा पंपसुद्धा काम झाल्यावर दोनदा साध्या पाण्याने चालवून धुवा. त्यावर मार्करने 'भिंत' असं लिहून ठेवा, म्हणजे पुढे कोणी त्यातून गुलाबावर औषध मारणार नाही.

भिंत आधी साध्या पाण्याने ओलसर करायची. फवारणी खालून वर न्यायची. वरून सुरू केली तर औषधाचे ओघळ कोरड्या भागावर उतरतात आणि त्यांच्या फिकट रेघा राहतात. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पण औषध वाळू द्यायचं नाही. वाळायला लागलं तर वरून पाण्याची हलकी फवारणी करायची. ऑक्टोबर हीटमध्ये तापलेल्या भिंतीवर ते पाच मिनिटांत वाळतं, म्हणून पश्चिमेची भिंत सकाळी घ्यावी आणि पूर्वेची दुपारनंतर. काळा रंग तपकिरी आणि मग फिकट पिवळा होताना दिसतो. तसं झालं की धुवायला घ्यायचं. जुना थर असेल तर फवारणी दोनदा करावी लागते. ते न करता प्रेशर वाढवण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि नेमका तिथेच रंग जातो.

खाली कुंड्या, वेली, हिरवळ असेल तर ती आधी भरपूर भिजवा, वर ताडपत्री किंवा प्लास्टिक टाका आणि काम झाल्यावर पुन्हा पाणी मारा. भिजलेली पानं औषध कमी घेतात. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, स्टीलचे ग्रिल, पितळी कडी यांवर उडालेला हायपो लगेच धुवायला हवा. साइड मार्जिनमध्ये काम असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. हायपोचा तुषार दोरीवरच्या कपड्यांवर गेला तर डाग पडतात ते कायमचे.

एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहितो, कारण ती पुन्हा पुन्हा घडते. हायपो किंवा ब्लिचिंग आणि बाथरूमचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करायचं नाही. एकाच बादलीत नाही, एकाच भिंतीवर एकामागोमाग नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. 'दोन्ही मारलं की जास्त साफ' हा हिशेब बंद पार्किंगमध्ये दवाखान्यापर्यंत नेतो.

मशीन आणि आकडे

घरगुती मशीनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात १३० बार, १५० बार लिहिलेलं असतं. तो कमाल दाब. काम करताना मिळणारा दाब त्याहून बराच कमी असतो आणि तो आतल्या पत्रकात बारीक अक्षरात सापडतो. त्याच्याइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे मिनिटाला किती लिटर. घरगुती मशीन साधारण साडेपाच ते आठ लिटर देतात. दाब थर सोडवतो, पाणी तो वाहून नेतं. फरशी-पार्किंगसाठी दोन मशीनमध्ये निवड करायची असेल तर वीस बार कमी आणि दीड लिटर जास्त असलेलं मी घेईन.

मोटर दोन प्रकारची असते. कार्बन ब्रशची मोटर हलकी, स्वस्त आणि कर्कश्श. इंडक्शन मोटर जड, महाग, आवाजाला कमी आणि टिकाऊ. वर्षातून एकदा घर आणि महिन्यातून दोनदा गाडी एवढंच काम असेल तर पहिली चालते. सोसायटीने मिळून घ्यायचं असेल तर दुसरीच घ्यावी, कारण सोसायटीचं मशीन कोणीच हळुवार वापरत नाही.

नोझलचे रंग बहुतेक ठिकाणी सारखेच असतात: लाल म्हणजे शून्य अंश, पिवळा १५, हिरवा २५, पांढरा ४०, काळा साबणासाठी. लाल नोझल घराच्या कुठल्याही पृष्ठभागासाठी नाही. तो खोक्यातच राहू द्या. ज्या गनला फिरवून दाब कमी-जास्त करता येतो, तिच्यात भिंतीसाठी सगळ्यात रुंद पंखा ठेवायचा. फिरती धार सोडणारा टर्बो नोझलही सोबत येतो. तो फक्त खडबडीत काँक्रीटसाठी.

पण खरा दाब ठरतो तो अंतराने. २५ अंशांचा नोझल ३० सेंमीवरून धरला तर पाण्याचा पट्टा साधारण १३ सेंमी रुंद पडतो. १५ सेंमीवर आणला की साडेसहा. तेवढंच पाणी निम्म्या रुंदीत आलं म्हणजे त्याच मशीनचा मार दुपटीच्या वर गेला. हात दमला की गन नकळत जवळ जाते, आणि भिंतीवरच्या बहुतेक जखमा तासाभरानंतरच्या असतात. दर वीस मिनिटांनी गन खाली ठेवा. हा आरामाचा सल्ला नाही, रंग वाचवण्याचा आहे.

पाणी आणि वीज

इथे पुण्याचा प्रश्न निराळा. महापालिकेच्या नळाला थेट मशीन लावू नये. लाइनमधून यंत्राने पाणी ओढणं नियमात बसत नाही, आणि सकाळचा दाब तसाही अर्ध्या तासात पडतो. टाकीतून घ्यायचं. टाकीचं पाणी दहा मीटर खाली आलं की एक बार दाब मिळतो. दुमजली बंगल्याच्या तळमजल्यावर त्याच्या निम्मा-पाऊण मिळेल आणि तो पुरतो. गच्चीवर मात्र टाकी डोक्यावर चार फुटांवर असते. तिथे नुसत्या पाइपने मशीनची तहान भागत नाही, मशीन गचके देतं. अशा वेळी दोनशे लिटरचा पिंप भरून त्यातून खेचणारं मशीन हवं. सगळी मशीन खेचत नाहीत, घेताना विचारून घ्या.

साधी तपासणी: जो नळ वापरणार त्याखाली दहा लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. मशीन मिनिटाला सात लिटर मागत असेल तर बादली एका मिनिटाच्या आत भरायला हवी. सव्वा मिनिट लागलं तर त्या नळावर मशीन चालवू नका. पाणी कमी पडलं की पंपात हवा शिरते, आवाज बदलतो आणि पंप झिजतो. बागेचा पाइप अर्धा इंची असेल तर तो दहा मीटरच्या आत ठेवा आणि कुठे मुरगळलेला नाही ना ते बघा. बोअरचं पाणी चालतं, पण त्यात बारीक रेती असते, म्हणून आत जाणाऱ्या तोंडाची जाळी जागेवर आहे याची खात्री करा. बोअरच्या क्षाराचे पांढरे ठिपके काचांवर उरतात, तेवढं शेवटचं पाणी टाकीचं घ्या.

सोलरचं गरम पाणी मात्र जोडू नका. तेलकट पार्किंगसाठी हा विचार पुष्कळांना सुचतो. घरगुती मशीनला बहुधा ४० अंशांपर्यंतचंच पाणी चालतं, आणि सोलरच्या टाकीत दुपारी ६०च्या वर सहज असतं. सील मऊ पडतात आणि पंप गळायला लागतो. गरम पाणी हवं असेल तर बादलीने ओता.

मिनिटाला सात लिटर म्हणजे तासाला ४२० लिटर. नुसत्या पाइपने तेच काम केलं तर याहून कितीतरी जास्त जातं. तरी एप्रिल-मे महिन्यांत पाणीकपात चालू असताना अंगण धुणं टाळावं. कामाचे खरे दिवस ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत.

विजेचं गणित छोटं आहे. १८०० वॉटचं मशीन २३० व्होल्टला साधारण आठ अँपिअर घेतं. म्हणजे मिक्सरच्या छोट्या सॉकेटवर नाही, गिझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर. एक्स्टेंशन लागणारच, तर अडीच चौरस मिमीची तीनपदरी वायर घ्या आणि ती पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या बोर्डची वायर आतल्या आत तापते. बारीक वायरीवर मोटर नुसती गुणगुणते आणि सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन गरम होते. जोड जमिनीवर नको, उलट्या बादलीवर किंवा खुर्चीवर. घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर हे काम करू नये. ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी विजेचं यंत्र धरणार आहात.

मशीन सुरू करण्याचा क्रम: पाइप जोडा, नळ उघडा, मोटर बंदच ठेवून गनचा खटका दाबून धरा. आधी फसफस करत हवा येईल, मग सलग पाणी. सलग पाणी आल्यावरच बटण दाबा. बंद करताना उलट: बटण, मग नळ, मग खटका दाबून आतला उरलेला दाब सोडा. दाब न सोडता पाइप काढायला गेलात तर कपलर हलत नाही आणि माणसं पक्कड आणतात.

रंगवलेल्या भिंती

धुण्याआधी भिंतीभोवती एक फेरी मारा. बोटांच्या सांध्याने ठोकत जा. जिथे बद्द, पोकळ आवाज येतो तिथे प्लास्टर सुटलेलं आहे, आणि धार लागली की ते परातीएवढं खाली येईल. केसासारख्या भेगांवर खडूने खूण करा. त्या भेगांतून आत शिरलेलं पाणी चार दिवसांनी बेडरूमच्या भिंतीवर ओल बनून दिसतं, आणि तेव्हा दोष गच्चीला दिला जातो. भेगा आधी भरा, निदान त्या ओळीत गन नेऊ नका. तळहात भिंतीवर घासून बघा. पांढरी भुकटी लागली तर रंग मेला आहे. तो धुऊन टिकणार नाही, नवा रंग द्यावाच लागेल. तसं ठरलं असेल तर जरा जास्त जोर चालेल.

रंग ठेवायचा असेल तर पांढरा ४० अंशांचा नोझल, भिंतीपासून दोन फूट, आणि दाब कमी करता येत असेल तर ६० ते ८० बार. पहिली धार कोपऱ्यात, फूटभर चौकोनावर मारून बघा. नंतर वरून खाली, आडवे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर चढवत. धार भिंतीला सरळ नव्हे, थोडी तिरकी आणि खालच्या दिशेने. छज्ज्याखाली, पत्र्याच्या किंवा कौलाच्या कडेखाली, एक्झॉस्टच्या भोकाकडे वरच्या दिशेने मारू नका. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला भोकं असतात, त्यांवर धार धरली की पाणी उलटं आत येतं आणि बेडवर पडतं. तिथे ओलं फडकं.

वरच्या मजल्यासाठी शिडीवर चढून गन चालवू नये. खटका दाबला की गन मागे ढकलते, आणि शिडीवर तेवढा धक्का पुरतो. जमिनीवरून लांब लान्स, म्हणजे गनला जोडायची नळी, वापरा. त्याहून उंच असेल तर परांची बांधणाऱ्यांचं काम आहे, रंगकामासोबतच उरकून घ्या.

भिंतीच्या तळाशी पांढरी, खरखरीत भुकटी असेल तर तो लोणा. त्याला पाणी दाखवायचं नाही. लोणा म्हणजे भिंतीतले क्षार पाण्यासोबत बाहेर येऊन वाळलेले. धुतलं की ते विरघळून पुन्हा आत जातात आणि आठवड्याने दुप्पट जोमाने बाहेर येतात. कोरड्या, ताठ ब्रशने झाडा, भुकटी सुपलीत गोळा करून फेका, आणि पाणी कुठून चढतंय ते शोधा: जोत्याला टेकलेले मातीचे वाफे, गळका पाइप, नाहीतर भिंतीला लागून रोज पाणी घातल्या जाणाऱ्या कुंड्या.

काळा दगड आणि जुनी बांधकामं

पुण्याच्या कंपाउंडचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, स्वतः भक्कम. २५ अंशांचा नोझल एक-सव्वा फुटावरून त्याला काही करत नाही. कमकुवत असतात त्या दर्जा, म्हणजे दगडांमधले भरलेले सांधे. सिमेंटच्या दर्जा घट्ट असतील तर ठीक, पण चुन्यातल्या दर्जा धारेने कोरल्या जातात. नखाने दर्जा खरवडून बघा. भुगा पडला तर गन ठेवून द्या आणि काथ्याचा ब्रश घ्या. दगडात मधूनमधून पांढरे किंवा फिक्या रंगाचे खडे दिसतात, ते डाग नव्हेत. ती दगडातल्या पोकळ्यांत तयार झालेली झिओलाइट जातीची खनिजं आहेत, वाघोलीच्या खाणी ज्यांच्यासाठी जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. ते 'काढण्यासाठी' अ‍ॅसिड लावणारेही भेटतात.

पेठांतल्या वाड्यांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: प्रेशर वॉशर दारातूनही आत आणू नये. दगडी जोत्याच्या वर पातळ विटा, चुना, काही ठिकाणी माती आणि मध्ये सागवानी खांब-तुळया. यातलं काहीही धारेसाठी बांधलेलं नाही. लाकडाचे तंतू उभे राहतात, चुना वाहून जातो, आणि भिंतीच्या पोटात गेलेलं पाणी महिनोन्‌महिने बाहेर येत नाही.

पार्किंग आणि अंगण

शहाबादी फरशी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड. त्यांवर अ‍ॅसिड टाकलं की फेस येतो तो मळाचा नव्हे, दगडाचाच. चकाकी जाते, पृष्ठभाग खडबडीत होतो, आणि त्या खडबडीत भागात पुढचा मळ जास्त धरतो. म्हणून 'अ‍ॅसिड वॉश करून देतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. शहाबादी थरांची बनलेली असते. कडेला पापुद्रे सुटलेले असतील तर धार त्या पापुद्र्याखाली शिरते आणि बशीएवढी खपली उडते. अशा फरशीवर धार थरांच्या विरुद्ध दिशेने मारू नका, आणि अंतर फूटभर ठेवा.

पेव्हर ब्लॉकची गंमत वेगळी. त्यांना सिमेंट धरून ठेवत नाही, सांध्यातली वाळू धरून ठेवते. सरळ धार सांध्यात मारली की वाळू उडते, ब्लॉक डुगडुगायला लागतात आणि गाडीच्या चाकाखाली खचतात. धार जमिनीशी ३० अंशांत, सांध्यांना तिरकी धरा. तरी थोडी वाळू जाणारच. धुऊन दोन दिवस कडक वाळू द्या, मग बारीक चाळलेली कोरडी वाळू किंवा क्रश सँड पसरा, खराट्याने सांध्यांत ढकला, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. ओल्या सांध्यांत वाळू वरच अडकते आणि खाली पोकळ राहतं. रंगीत ब्लॉकचा रंग वरच्या काही मिलिमीटरच्या थरातच असतो. टर्बो नोझल जवळून फिरवला की तो थर जाऊन आतली खडी दिसते, आणि त्याला उपाय नाही.

मोकळ्या गनने मोठी फरशी धुतली की वाळल्यावर पट्टे दिसतात. ओली असताना सगळं एकसारखं वाटतं, म्हणून त्याच वेळी लक्षात येत नाही. गोल झाकणाचा, आतून फिरत्या धारांचा सरफेस क्लीनर यासाठीच असतो. अंतर आपोआप सारखं राहतं आणि चिखलही अंगावर उडत नाही. दीड-दोनशे चौरस फुटांपेक्षा मोठं पार्किंग असेल तर तो घ्याच. गन वापरलीत तर २० ते २५ सेंमी अंतर आणि प्रत्येक पट्टा निम्म्याने चढवलेला.

इंजिन ऑइलचा डाग धुण्याआधी लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवा आणि झाडून घ्या. मग कपड्यांच्या पावडरीची घट्ट पेस्ट पसरून अर्धा तास, वर कढत पाणी बादलीने, ताठ ब्रश, आणि शेवटी मशीन. एका फेरीत पूर्ण जात नाही. थेट धार मारलीत तर तेल पसरून डाग दुप्पट होतो. भुसा आणि तेलाचा गाळ पावसाळी गटारात लोटू नका, ते पाणी नाल्यातून नदीत जातं.

जिथे गन नेऊ नये

गच्ची. चायना मोझेकच्या तुकड्यांमधला पांढरा सिमेंट आधीच झिजलेला असतो. धारेने तो निघाला की पाणी कोब्यात, म्हणजे खालच्या थरात, शिरतं. कठड्याच्या आणि लादीच्या सांध्यातली वाटा (तिथली सिमेंटची गोलाई) तडकलेली असेल तर तीच गळतीची जागा. वॉटरप्रूफिंगचा रबरी लेप असेल तर तो धारेने फुग्यासारखा सुटतो. गच्चीला हायपोची पातळ फवारणी, नारळाच्या हिराचा खराटा आणि साधा पाइप. आणि आधी पाणी जायच्या तोंडावरची जाळी साफ करा, नाहीतर सगळा गाळ पाइपात उतरतो.

सिमेंटचे जुने पत्रे. गॅरेजवर, मागच्या शेडवर करडे नागमोडी पत्रे असतात, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता. त्यांवरचं शेवाळ प्रेशरने उडवलं की तंतू हवेत आणि खालच्या मातीत जातात. हात लावू नका.

सोलर पॅनल आणि एसीचं बाहेरचं युनिट. पॅनलच्या काचेखालच्या सेलना सूक्ष्म तडे जातात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. सकाळी पॅनल थंड असताना मऊ ब्रश आणि टाकीचं पाणी. एसीची जाळी कागदासारखी वाकते आणि हवा जायची बंद होते.

कबुतरांची विष्ठा वाळलेली असताना तिच्यावर धार मारणं हा सगळ्यात वाईट प्रकार. भुकटी हवेत जाते आणि तिच्यामुळे फुप्फुसांचे गंभीर आजार होऊ शकतात. एन-९५ मास्क, आधी हाताच्या पंपाने पूर्ण भिजवणं, वीस मिनिटं थांबणं, खरडपट्टीने ओलीच काढून पिशवीत भरणं, आणि उरलेलं साध्या पाण्याने. डक्टमध्ये थर इंचभर असतील तर माणसं बोलवा.

लोखंडी गेट मात्र मशीनला आवडतं. सुटलेला रंग, गंज, सगळं झटकन निघतं. पण उघडं पडलेलं लोखंड काही तासांत तांबूस व्हायला लागतं, तेव्हा पुसून, उन्हात वाळवून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यायची तयारी असेल तरच धुवा.

पायात गमबूट हवेत. चपला घालून ही धार पायावर आली तर कातडी फाटते, आणि जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी पाणी आत खोलवर गेलेलं असतं. पट्टी लावून घरी बसू नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा आणि 'प्रेशरच्या पाण्याची जखम' असं सांगा. डोळ्यांना गॉगल. लहान मुलं आणि कुत्री घरात.

मशीन कुरकुरायला लागलं तर

दाब वर-खाली होत असेल तर आधी नोझल काढा. बारीक रेतीचा एक कण पुरतो, टाचणीने काढा आणि उलट बाजूने पाणी सोडा. मग आतल्या तोंडाची जाळी, मग पाइपची मुरगळ, मग पाण्याचा पुरवठा. याच क्रमाने, कारण दहातल्या आठ वेळा पहिल्या दोन पायऱ्यांत उत्तर मिळतं. खटका न दाबता मशीन मधूनच सुरू होऊन बंद होत असेल तर कुठेतरी थेंब गळतोय. बहुधा गन किंवा पाइपच्या टोकाची ओ-रिंग झिजलेली असते. ती दहा-वीस रुपयांची असते, नवी बसवताना सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवा. दुसरं कुठलंही तेल-ग्रीस चालत नाही, रबर फुगतं.

धुतल्यानंतर रंग द्यायचा असेल तर घाई दिवाळीची असते, भिंतीची नसते. भिंत वरून कोरडी दिसायला एक दिवस पुरतो, पण आतून वाळायला कोरड्या हवेतही तीन-चार दिवस लागतात, आणि उत्तरेच्या भिंतीला आठवडा. रात्री दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून ठेवा. सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा भिंतीचा तेवढा तुकडा गडद झालेला असला तर रंगाऱ्याला आणखी दोन दिवसांनी यायला सांगा आणि कागद तेव्हा पुन्हा लावून बघा.